अर्ध्या कपाचा भाऊ

माझ्या चहाच्या सेटमधला एक कप कमी आहे. पाहुणे आले की कुणातरी एकाला वेगळ्या रंगाचा कप द्यावा लागतो, आणि लंडनकडच्या एजवेअरहून आलेली सून दर वेळी म्हणते, आई, टाकून द्या हो तो सेट, मी नवीन आणते. मी बरं म्हणते आणि भाजीचं काहीतरी विचारते. तो कप फुटलेला नाही, हरवलेलाही नाही. तो शेजारी आहे. तिकडे कसा गेला ते एकदा लिहून टाकावं म्हणून बसले आहे. गुडघे काही काम करत नाहीत, हात तरी करू देत. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे काय वाचन ते इथे नॉटिंगहॅमला, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालता घालता मीच माझं शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, सांभाळून घ्या.

शेजारच्या घरात मिहो राहते. जपानी पोर, म्हणजे आता पोर कसली, पन्नाशीला आली. नर्स आहे. नवरा इंग्रज होता, तो गेला सोडून. मी तिला शेंगदाण्याची चटणी द्यायची, ती मला मुळ्याचं लोणचं द्यायची, असं आमचं वीस वर्षं चाललेलं. एकदा कुंपणाशी उभी राहून म्हणाली, आंटी, माझे वडील येणार आहेत राहायला. बॉयलर बिघडलाय हे ज्या चेहऱ्यानं सांगतात, त्या चेहऱ्यानं. मी म्हटलं, छानच झालं की. ती आत निघून गेली.

ते आले. मुरोई त्यांचं आडनाव. मुरोई-सान म्हणायचं, सान म्हणजे आपलं राव. बारीक, ताठ, पांढरे केस बारीक कापलेले. मे महिन्यातही काळा सूट, आणि शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आख्ख्या गल्लीचे कचऱ्याचे डबे धुतले. कुणी सांगितलं नव्हतं. कचऱ्याची लॉरी आली की फुटपाथवर उभे राहून कमरेतून वाकून नमस्कार करायचे. इथली माणसं ज्याला त्याला डक म्हणतात, तेव्हा लॉरीवरचा माणूस ओरडायचा, "ए अप, डक!" म्हणजे काय, कसं काय, आणि हे आणखी खाली वाकायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती दमण्यावरून. आमच्या दोन घरांच्या मध्ये बुटकी भिंत आहे. दुपारी ते त्या भिंतीवर टेकायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे आणि सगळा श्वास बाहेर सोडत एकच शब्द म्हणायचे. त्स्कारेता. मी इकडे कपडे वाळत घालून खुर्चीत पडताना म्हणायची, दमले गं बाई. दोघांनाही कळलं की दोघं एकच म्हणतोय. मी शिकलेला पहिला जपानी शब्द तो. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं होतं, माझं ऐकून तर लाँड्रीतल्या बायका चाळीस वर्षं हसत होत्या. म्हणजे आमचं छान जमलं.

डाव्या हाताची करंगळी नव्हती. होती, पण बुंध्यापाशी एवढीशी. आमचे हे होजिअरीच्या मिलमध्ये होते, तिथे असे हात मी पुष्कळ पाहिलेले. मी विचारलं, मशीन? ते जरा विचारात पडले, मग म्हणाले, येस, मशीन. विषय संपला.

त्या उन्हाळ्यात काय उकाडा झाला. दुकानातले पंखे संपले. आम्हाला सवय आहे म्हणतात, पण ती सवय कधीच सुटली. बघते तर हे भिंतीवर सूट घालून बसलेले, चेहरा पांढरा. मी म्हटलं, या इकडे सावलीत, चहा घ्या. मी पोलक्याची बाही घडी घालून कोपरापर्यंत वर सारलेली, आणि माझ्या हातावर गोंदण आहे. लहानपणी गावात गोंदणारीण आली होती, तिनं हातावर तुळस काढली, हनुवटीवर तीन ठिपके. ते बघत राहिले. तुळशीकडे, मग ठिपक्यांकडे, मग परत तुळशीकडे. मग बसण्याची पद्धतच बदलली त्यांची. पाठ सरळ, पावलं जुळवलेली.

चहा एकच कप केलेला, कारण माझा नुकताच झाला होता. पण पाहुण्याला एकट्यालाच पिऊ द्यायचं बरं दिसत नाही. म्हणून मी आपलं नेहमीसारखं केलं. अर्धा चहा बशीत ओतून मी घेतला, उरलेल्या अर्ध्याचा कप त्यांच्या पुढे केला. एकाचा चहा दोघांत, आपल्याकडे यात काय आहे?

त्यांनी टाय सारखा केला. एवढ्या उकाड्यात कोटाची बटणं लावली. दोन्ही हातांनी कप घेतला, कपाळापर्यंत उचलला, आणि माझ्याकडे न बघता तीन घोटांत संपवला. मग टेबलावरचा कागदी रुमाल घेऊन त्यात तो कप नीट गुंडाळला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, उठले, वाकले आणि घरी गेले.

मी बशी हातात धरून बसलेली. मनात म्हटलं, वय झालं बिचाऱ्यांचं, काहीतरी विसरायला व्हायला लागलंय. संध्याकाळी मिहो ड्यूटीवरून आली तेव्हा तिला हळूच सांगितलं की कप चुकून खिशातून आलाय, रागवू नकोस हो त्यांना.

तिनं हातातली बॅग खाली ठेवली. "त्यांनी तीन घोटांत प्यायला?"

"हो. का?"

"आणि तुम्ही आधी त्यातला अर्धा घेतला होतात."

"बशीत घेतला होता."

मिहो भिंतीवर बसली, अगदी बापासारखी, हात गुडघ्यांवर ठेवून. मग तिनं सांगितलं. तिचे वडील टोळीचे मुख्य होते. चोरांची म्हणू की गुंडांची, तिकडे त्यांना वेगळं नाव आहे, त्यांची ऑफिसं असतात, दारावर पाटी असते. पन्नास वर्षं ते त्यात, वीस वर्षं तर सगळ्यात वर. त्यांच्यात माणूस आपला करायचा तो कपानं. मोठा माणूस अर्धी दारू पितो, उरलेली धाकट्याला देतो. धाकट्यानं ती संपवली आणि कप छातीशी ठेवला की तो मुलगा झाला, नाहीतर भाऊ झाला. सख्ख्यापेक्षा सख्खा. पाठीवर, हातावर गोंदलेलं असणं ही तर त्यांची मानाची गोष्ट. "त्यांना वाटलं, तुम्ही कुणीतरी आहात," मिहो म्हणाली. "तिकडच्या इंडियातल्या."

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी. मी कुणीतरी! लाँड्रीतली मी! पण मिहो हसत नव्हती.

"मी लहानपणी दाराच्या फटीतून बघायचे," ती म्हणाली. "एकेक मोठा बाप्या यायचा, कप घ्यायचा, आणि माझा भाऊ व्हायचा. मला त्यांनी स्वतःच्या हातानं साधं दूध कधी दिलं नाही, आंटी. आता देतात. आता मला नको आहे."

ते मी पाहिलेलंच होतं, फक्त अर्थ लागला नव्हता. आमच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या समोरासमोर आहेत. मिहो यायच्या वेळेला म्हातारा ओट्यापाशी उभा राहून हिरवा चहा करायचा, दोन्ही हातांनी कप टेबलावर ठेवायचा आणि आतल्या खोलीत निघून जायचा. मिहो यायची, कोट काढायची, तो कप उचलून सिंकमध्ये ओतायची, आणि मग स्वतःचा चहा स्वतः करायची. रोज. तिनं त्यांना उपाशी ठेवलं नाही, औषधं चुकू दिली नाहीत. टोळी सोडलेल्या माणसाला तिकडे कुणी घर भाड्यानं देत नाही, बँकेत खातं उघडता येत नाही. बाप रस्त्यावर पडेल म्हणून तिनं वकिलाकडे खेपा घालून त्यांना आणलं. पण त्यांच्या हातचं पाणी ती घेत नव्हती. आणि म्हाताऱ्याला उरल्या आयुष्यात तेवढंच हवं होतं. तोंडानं मागायची सोय नव्हती. कुठल्या तोंडानं मागणार?

मी म्हटलं, मग माझा कप परत मागू का? मिहो म्हणाली, परत मागणं म्हणजे नातं तोडणं, ते अपमान समजतील. राहू दे म्हटलं. माझे दोन सख्खे भाऊ गावी आहेत, त्यातला एक बोलत नाही. आता या वयात आणखी एक. इथून पुढे मी त्याला अरेतुरेच लिहिते, धाकटा आहे माझ्यापेक्षा.

तो मला आनेसान म्हणायला लागला, म्हणजे ताई. मी बसायला सांगेपर्यंत बसायचा नाही. बर्फ पडलं की त्याच्या दाराआधी माझं दार झाडलेलं असायचं. भाऊबीजेला मी ओवाळलं, तर पाटावर असा बसला की आमच्या आख्ख्या खानदानात तसं कुणाला बसता आलं नसतं. आमच्या अजितला, मुलाला, फोनवर सांगितलं तर तो म्हणे, आई, तू गँगस्टरला ओवाळलंस, आर यू सीरियस? मी म्हटलं, तू बीजेला तुझ्या चुलतबहिणीकडे गेलास का? मग फोन सुनेच्या हातात.

हळूहळू बोलायला लागला. बंदरावरच्या हमालाचा मुलगा. सतरा वर्षांचा असताना एका बॉसच्या दारात राहिला, पहिली तीन वर्षं बूट पुसले आणि फोन उचलला. तुरुंगात दोनदा. करंगळीचंही सांगितलं. त्याच्या हाताखालच्या एका पोरानं चूक केली होती, वरच्याची माफी मागायची म्हणून यानं स्वतःचं बोट दिलं. मी विचारलं, त्या पोराचं काय झालं? म्हणाला, त्यानं नंतर आणखी एक चूक केली. आणि खांदे उडवले.

बॉस होऊन कसं वाटलं, हे मी एकदा विचारलं होतं. मला वाटलं, गाड्याबिड्या सांगेल. त्यानं आमच्या टोमॅटोच्या रोपाचं एक वाळकं पान खुडलं. मग म्हणाला, "बॉस, व्हेरी टायर्ड जॉब." दिवसभर माणसं येतात, वाकतात, आणि प्रत्येकाच्या मनात काहीतरी असतं. झोपताना पाठ भिंतीला लावून झोपायचं. लग्नं, मयतं, तुरुंगातून सुटलेल्यांना घ्यायला जाणं, सगळीकडे तोच चेहरा करून बसायचं. नंतर कायदे कडक झाले, तरुण पोरं यायची बंद झाली. शेवटी शेवटी बैठक भरली की सगळे गुंड ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल बोलायचे. एकाला जिना चढवेना म्हणून ऑफिस तळमजल्यावर आणलं. मग एक दिवस यानं सगळ्यांचे कप परत घेतले, पोलिसांना जाऊन सांगितलं की संपलं, आणि घरी येऊन दोन दिवस झोपला. हे सांगताना तो हसला होता. त्याला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

मला तो आवडायला लागला होता, हे कबूल करते. आणि नेमकं तेव्हाच ते व्हॅनचं झालं.

आमच्या पलीकडे एक प्लंबर राहतो. तो त्याची व्हॅन माझ्या ड्राइव्हवेसमोर लावायचा, आणि मला डोळ्यांच्या क्लिनिकला न्यायला येणारी गाडी आत येईना. मी दोनदा सांगितलं, तो सॉरी डक म्हणायचा आणि परत तेच. हे मी मुरोईपाशी सहज बोलले. दुसऱ्या दिवशी तो काळ्या सुटात, हातात केकचा सुंदर बांधलेला बॉक्स घेऊन प्लंबरच्या दारात. बेल वाजवली, वाकला, बॉक्स दिला, आणि उभा राहिला. नुसता उभा. मी खिडकीतून बघतेय. प्लंबर काहीतरी बोलला, हा हसला, आणखी थोडा वाकला, आणि उभाच. मग आला निघून.

व्हॅन त्याच दुपारी हलली. संध्याकाळी प्लंबर माझ्याकडे आला, एवढा दांडगा माणूस, आवाज खाली गेलेला. म्हणाला, तुमचा मित्र काय म्हणत होता? मी म्हटलं, तुम्हालाच ठाऊक. तो म्हणाला, काहीच नाही म्हणाला, त्रासाबद्दल माफ करा म्हणाला, पण मला झोप नाही लागणार.

मला तेव्हा हसूच येत होतं. मिहोला कळलं तेव्हा ते गेलं. ती ओरडली नाही. माझ्यासमोर, त्याच्यासमोर, इंग्रजीतच बोलली, मला कळावं म्हणून.

"हाच बॉक्स," ती म्हणाली. "असाच बांधलेला. आमच्या गल्लीत एक आजी-आजोबा टोफू करायचे. त्यांची नात माझ्या वर्गात होती, माझी एकच मैत्रीण. बिल्डरला ती जागा हवी होती. आधी बॉक्स गेला. मग रोज दोन माणसं दुकानासमोर नुसती उभी राहायची. एक दिवस दुकान बंद. माझी मैत्रीण शेवटच्या दिवशी माझ्याकडे नुसती बघून गेली." मग बापाकडे वळून म्हणाली, "आणखी एक बॉक्स गेला तर मी तुमचं परतीचं तिकीट काढीन."

तो जमिनीकडे बघत होता. मी काही दिवस त्याच्याशी बोलले नाही. दारासमोरचं झाडलेलं असायचं, तरी नाही बोलले. मग एका सकाळी भिंतीपाशी गेले आणि विचारलं, ते टोफूवाले म्हातारा-म्हातारी पुढे कुठे गेले रे?

"माहीत नाही," तो म्हणाला.

"विचारलं नाहीस?"

"बॉस विचारत नाही, आनेसान. विचारलं तर काम होत नाही."

एवढंच. सबब नाही, रडणं नाही. मला वाटलं होतं, काहीतरी म्हणेल ज्यानं मला माफ करता येईल. तसं काही तो म्हणाला नाही, आणि त्याला माफ करायचा अधिकार मला कुठे होता? त्यानंतर सूट मात्र दिसला नाही. चॅरिटी शॉपमधला तपकिरी कार्डिगन घालायला लागला, आणि एकदम लहान दिसायला लागला. हिरवा चहा रोज करतच होता. तो रोज सिंकमध्ये जातच होता.

पुढच्या हिवाळ्यात त्याचे डोळे पिवळे पडले. लिव्हर. त्या काळच्या अस्वच्छ सुयांनी गोंदलेलं, त्यातून शिरलेला आजार, वर पन्नास वर्षांची दारू. डॉक्टरांनी मिहोला बाजूला घेऊन सांगितलं, ती स्वतः नर्स, तिला सांगायला नकोच होतं. शेवटी होस्पिसमध्ये हलवलं, बरं न होणाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळतात तिथे. मी एक दिवसाआड ट्रॅमनं जायची, थर्मासमध्ये आपला चहा घेऊन, आलं घातलेला. तिकडचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.

तिथे पहिल्यांदा मी त्याला गळ्याच्या बटणाशिवाय पाहिलं. होस्पिसच्या गाऊनला बटणच नसतं. तो कुशीवर वळला तेव्हा पाठ दिसली. मोठा मासा पाण्यातून वर उडी मारतोय, लाटा निळ्या, खवला न् खवला रंगवलेला, पण माशाचं डोकं नुसतं रेघांचं, रंग नाही. मी विचारलं, हे राहिलं का? तो म्हणाला, करणारा मेला, दुसऱ्याच्या हाताचं लावायचं नसतं. मग माझ्या हातावरच्या तुळशीला बोट लावून म्हणाला, "फिनिश्ड. गुड."

उशाशी कपाटावर माझा कप होता. त्याच कागदी रुमालात गुंडाळलेला. रुमाल आता कापडासारखा मऊ झालेला. तो म्हणाला, आनेसान, मी गेल्यावर तुझ्यावर ओझं नको, कप परत घेऊन जा. मी म्हटलं, गप पड.

शेवटचं मी त्याला पाहिलं त्या दिवशी मिहो ड्यूटीवरून तशीच आली होती, युनिफॉर्मवर कोट. ती खिडकीपाशी उभी राहून त्याचा चार्ट बघत होती, तिथे बसायची नाही ती कधी. मी थर्मास उघडला. त्यानं कपाकडे बोट केलं. मी त्या कपात चहा ओतून त्याच्या हातात दिला, खालून आधार धरला. अर्धा प्यायला. मग थांबला. माझा हात बाजूला केला आणि दोन्ही हातांनी कप मिहोकडे धरला.

चहा पांघरुणावर सांडत होता. मिहोनं पाहिलं. याचा अर्थ त्या खोलीत तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. तिनं चार्ट खाली ठेवला नाही. इतका वेळ गेला की मला वाटलं, आता मीच पुढे होऊन कप घ्यावा. पण तो माझ्याकडे धरलेला नव्हता.

मग ती आली आणि कप घेतला. एका हातानं. तीन घोट नाहीत की काही नाही, उभ्या उभ्या एका दमात प्यायली, आपण बसच्या घाईत पितो तसा. आणि तोंड वाकडं केलं.

"केवढा गोड," ती म्हणाली. "साखर चालत नाही त्यांना, आंटी."

"आता काय होतंय एवढ्याशानं," मी म्हटलं.

ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, कप विसळला, आतून बाहेरून. युनिफॉर्मच्या छातीवरच्या खिशाकडे तिचा हात गेला नाही. तिनं तिची बॅग उघडली, त्यात दुपारचा रिकामा डबा होता, त्याच्याशेजारी कप ठेवला आणि चेन ओढली. मग खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली आणि पांघरुणावर सांडलेलं पुसायला लागली, त्याला जपानीत काहीतरी बोलत. रागानंच बोलत होती.

मी थर्मासचं झाकण लावलं, कोट घातला. दारातून वळून पाहिलं तर तो ऐकत होता. दोन्ही हात रिकामे, पांघरुणावर उघडे पडलेले, आणि डोळे मिटत चाललेले, शिफ्ट संपवून आल्यावर ट्रॅममध्ये माणसाचे मिटतात तसे. ती अजून बोलतच होती.